डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) आणि डिजिटल कम्युनिकेशनचा अभ्यास कसा करायचा

सगळ्यात आधी सिग्नल्स अँड सिस्टिम्स पक्कं करा, ते कच्चं राहिलं तर पुढचं सगळं डोक्यावरून जातं. कन्व्होल्यूशन (एक सिक्वेन्स उलटा करून दुसऱ्यावरून सरकवत गुणाकारांची बेरीज) कागदावर हाताने सोडवा, चार-पाच सॅम्पलचे दोन सिक्वेन्स घेऊन. कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

मग सॅम्पलिंग. नायक्विस्टचा नियम (सिग्नलमधल्या सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घ्यायचे) पाठ सगळ्यांचाच असतो, पण पायथॉनमध्ये ५००० हर्ट्झची साइन वेव्ह ८००० हर्ट्झने सॅम्पल करून एफएफटी (सिग्नलमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं गणित) काढा, पीक ३००० वर दिसेल, अलायझिंग म्हणजे काय ते तिथेच कळतं. टेलिफोनचं ६४ केबीपीएस कुठून आलं तेही बघा: सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट.

मॉड्युलेशनचे ब्लॉक डायग्राम घोकत बसू नका, त्यात काही राम नाही. बीपीएसकेचं (० आणि १ साठी वेव्हची फेज उलटी करणारं साधं मॉड्युलेशन) सिम्युलेशन स्वतः लिहा, रँडम बिट्स, त्यात गॉसियन नॉइज, मग एरर मोजायचे आणि बीईआरचा (चुकलेल्या बिट्सचं प्रमाण) ग्राफ थिअरीच्या ग्राफवर टाकायचा. बरोबर ३ डीबी सरकलेला दिसला तर बहुतेक नॉइजचा व्हेरियन्स एन-झीरोच्या (नॉइजची पॉवर डेन्सिटी) निम्मा घ्यायचा राहिलाय. आणि बिट्स भरपूर घ्या हं, एका बिटची एनर्जी भागिले एन-झीरो हे गुणोत्तर ९.६ डीबी असताना बीईआर साधारण लाखात एक असतो, दहा हजार बिट्समध्ये बहुधा एकही एरर सापडणार नाही आणि तुम्ही उगाच खूश व्हाल.

प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर क्यू-फंक्शनपाशी (गॉसियन नॉइज एका मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता) गाडी अडते, तेवढा भाग आधीच उरकून घ्या. इन्फर्मेशन थिअरीची सुरुवात करणारा शॅननचा १९४८ चा पेपर नंतर वाचला तरी चालतो.