पाच वर्षं, मोजली दोनच

बारावी कॉमर्सच्या गुणपत्रिकेवर बायोकेमिस्ट्रीला प्रवेश मिळतो यावर घरी कुणाचा विश्वास बसत नव्हता. माझाही अर्धाच होता. इंग्लंडमध्ये त्यासाठी एक दार आहे, फाउंडेशन इयर. काही ठिकाणी त्याला इयर झीरो, म्हणजे शून्यावं वर्षही म्हणतात. तिथली बीएस्सी तीन वर्षांची. तिच्याआधी हे एक वर्ष आणि मधे एक वर्ष दुसऱ्या देशात, अशी माझी पाच झाली. त्यांतली पदवीचा क्लास ठरवताना धरली दोनच, दुसरं आणि शेवटचं. फाउंडेशन, पहिलं आणि परदेशातलं वर्ष, यांत पास झालं की झालं.

बऱ्याच विद्यापीठांत थोड्याफार फरकाने असंच असतं. तरी आपल्या कोर्सचं हँडबुक उघडून नियम स्वतः वाचा. काही ठिकाणी परदेशातल्या गुणांनाही थोडं वजन असतं, आणि फाउंडेशनमधून पुढे जायला नुसते 40 टक्के सगळीकडे पुरत नाहीत. हे आधी सांगते, कारण न मोजल्या जाणाऱ्या वर्षांत माणूस एक तर सुस्तावतो, नाही तर माझ्यासारखा घाबरून सगळं पाठ करत सुटतो.

फाउंडेशन दोन प्रकारचं असतं आणि हा फरक अर्ज भरण्याआधी कळायला हवा. एक डिग्रीतच धरलेलं. यूकॅसवर, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे अर्ज भरायच्या सामाईक साइटवर, त्या कोर्सचा कोडच वेगळा असतो, एकच अर्ज, पास झालात की आपोआप पहिल्या वर्षात. दुसरं वेगळ्या कॉलेजात किंवा सेंटरमध्ये करायचं, मग डिग्रीला नवा प्रवेश आणि बहुतेकदा नवा व्हिसा. पदवीच्या खालच्या पातळीच्या कोर्सवर स्टुडंट व्हिसात टर्म चालू असताना आठवड्याला 10 तासच काम करता येतं, पदवीच्या कोर्सवर 20. तुमचं फाउंडेशन यांपैकी कशात बसतं ते लेखी विचारून घ्या. खर्चाचा अंदाज बांधताना आरोग्य सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, विसरू नका. विद्यार्थ्यांना तो सध्या वर्षाला 776 पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबर एकदमच भरावा लागतो. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे तिथेच चार हजार पौंडांच्या आसपास गेले.

आता लॅबकडे येते. 'मोल' या शब्दाचा मला तोवर एकच अर्थ माहीत होता. पहिल्या महिन्यात सांगितलं गेलं, अर्धा मोलर, म्हणजे लिटरमागे अर्धा मोल, मिठाचं द्रावण 250 मिली करा. मिठाचा एक मोल म्हणजे 58.44 ग्रॅम, त्यावरून 7.3 ग्रॅम. एवढं बरोबर काढलं. मग मोठ्या ऐटीत 250 मिली पाणी मोजून त्यात मीठ टाकलं. डेमॉन्स्ट्रेटर नुसतीच फ्लास्कच्या मानेवरच्या रेघेकडे बघत राहिली. आधी थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं आणि मग त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. 250 मिली द्रावण हवं होतं, मी 250 मिली पाणी घेऊन बसले होते.

दुसरी लॅब पिपेटची, म्हणजे बटण दाबून मोजकं द्रव उचलायच्या नळीची. काम एवढंच, 100 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा उचलून तराजूवर सोडायचं. दर वेळी 0.100 ग्रॅम यायला हवं. माझे आकडे 0.093 ते 0.108 असे नाचत होते. बटणाला दोन थांबे असतात. पाणी घेताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. मी घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबत होते. शिवाय टिप पाण्यात खोल बुडवायची सवय, म्हणजे बाहेरून चिकटलेला थेंबही सोबत यायचा. दोन तास निव्वळ पाणी तोलत बसले. पुढच्या चार वर्षांत एखादा प्रयोग फसला की मी आधी त्या दोन तासांकडे जायचे.

एका बाबतीत मात्र कॉमर्स कामी आलं. लॅबबुकाचे तिथले नियम असे: पेनानेच लिहायचं, त्याच दिवशी लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. शाळेत विज्ञानाचं जर्नल वर्षाच्या शेवटी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची सवय असलेल्यांना हे जड जातं. मला ही सरळसरळ रोजकीर्द वाटली. रोजकीर्द आधी, खतावणी नंतर, आणि खाडाखोड करून ताळा जुळवायचा नाही. एक्सेल हाताखालचं होतं, त्यामुळे आलेख काढताना वर्गातली सायन्सची मुलं माझ्याकडे यायची.

रसायनशास्त्राला मात्र कमी लेखू नका. बायोकेमिस्ट्रीत 'बायो' आधी येतं ते फक्त नावात. फाउंडेशनमध्ये आणि पहिल्या वर्षात गळणारे बहुतेक जण आम्ल-अल्क, समतोल आणि सेंद्रिय रसायनात इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणाऱ्या बाणांवर गळतात, पेशीच्या चित्रांवर कुणी गळलेलं पाहिलं नाही. क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांचं चक्र, तर सगळेच पाठ करतात. हान्स क्रेब्सनी ती 1937 मध्ये शेफील्डला मांडली आणि 'नेचर'ने त्यांचं टिपण परत पाठवलं होतं, हे कळल्यावर मला ती जरा आपलीशी वाटली. पण परीक्षेत सायकल काढून दाखवा असं कुणी म्हणत नाही. अमुक एन्झाइम, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारं प्रोटीन, बंद पडलं तर कशाचा साठा वाढेल, असं विचारतात.

पहिलं वर्ष भरकन गेलं. दुसऱ्यात एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमच्या वेगाचा हिशेब), प्रोटीन वेगळं करणं, रेणू वेगळे करायचं जेल, स्टॅटिस्टिक्स. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमाराला पुढचं वर्ष कुठे काढायचं ते ठरवावं लागलं. इथे आणखी एक फाटा असतो. परदेशी विद्यापीठात शिकायचं की कंपनीत प्लेसमेंट, म्हणजे वर्षभर काम, करायची? ज्यांना उद्योगात जायचंय त्यांनी प्लेसमेंटच घ्यावी असं माझं मत, पगारही मिळतो. मला स्वीडन हवं होतं.

तिथलं उप्साला निवडलं त्याला कारण होतं. बायोकेमिस्ट्रीची निम्मी हत्यारं त्या गावात घडली आहेत. थेओडोर स्वेडबेरी यांचा अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगाने फिरवून रेणू तळाशी बसवणारं यंत्र, तिथला, 1926 चं नोबेल त्यांना. आर्ने टिसेलियस यांचं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या ओढीने रेणू वेगळे करणं, तिथलं, नोबेल 1948 मध्ये. जीवाणूचा रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, 70एस, त्याचे दोन भाग 50एस आणि 30एस, यातला 'एस' म्हणजे स्वेडबेरीच. 50 आणि 30 मिळून 70 ही बेरीज कॉमर्सवालीच्या गळी उतरायला वेळ लागला. एस म्हणजे वजन नव्हे, तळाकडे जाण्याचा वेग. तो आकारावरही ठरतो, म्हणून बेरीज जुळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा युरोपात चालत नाही. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर स्वीडनचा रेसिडेन्स परमिट आधी काढावा लागतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवाल्या मैत्रिणीलाही तो काढावा लागला, त्यामुळे रांगेत सोबत होती. विद्यापीठांत करार असेल तर फी यजमानांना द्यायची नसते, आपल्याच विद्यापीठाला त्या वर्षाची कमी केलेली फी जाते. ती किती, ते परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं असू शकतं. तिथले कुठले विषय इथल्या कशाच्या जागी धरायचे ते लर्निंग ॲग्रीमेंट नावाच्या करारात ठरतं. तिथले 60 क्रेडिट म्हणजे ब्रिटनचे 120.

तिथे एका वेळी साधारण एकच विषय. काही आठवडे सकाळ-संध्याकाळ तोच, परीक्षा, मग पुढचा. ब्रिटनमध्ये चार-पाच विषयांच्या ओढाताणीत अर्धवट राहिलेलं इथे पुरतं डोक्यात शिरतं. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, त्याला अकॅडेमिक क्वार्टर म्हणतात. पहिल्या दिवशी मी रिकाम्या वर्गात बसून होते.

आणि तिथेच माझा बफर, म्हणजे पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) फारसा हलू न देणारं द्रावण, हुकला. प्रोटीन आयन एक्स्चेंज कॉलमवर, म्हणजे विद्युतभाराने प्रोटीन धरून ठेवणाऱ्या नळीवर, चढवून मिठाचं प्रमाण वाढवत नेत सोडवायचं होतं. ट्रिस नावाच्या रसायनाचा बफर केला, टेबलावर 25 अंशांना पीएच बरोबर 8.0 लावला, बाटली कोल्डरूममध्ये नेली. कॉलम 4 अंशांवर. खाली उतरणाऱ्या द्रावणाच्या ज्या फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे हिश्श्यात, प्रोटीन यायला हवं होतं तिथे काहीच नाही. नळ्यांमागून नळ्या तपासल्या, बोटं बधिर झाली. प्रोटीन आलं ते बरंच पुढे, मिठाचं प्रमाण खूप वाढल्यावर. ट्रिसचा पीएच तापमान दर अंशाने उतरताना साधारण 0.03 ने चढतो. कोल्डरूममध्ये माझा बफर 8.6 च्या आसपास होता. प्रोटीनवरचा ऋण भार वाढला आणि ते धन भाराच्या कॉलमला घट्ट धरून बसलं. बाटलीवर मी फक्त 'ट्रिस 8.0' लिहिलं होतं. तेव्हापासून पीएचशेजारी तापमान लिहिते. या प्रयोगाचे गुण इंग्लंडमधल्या माझ्या पदवीत कुठेच धरले नाहीत.

एक चूक निव्वळ माझी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी वसंतात मेलवर येते, आपण परदेशात असतानाच. मी जुन्या विद्यापीठाची मेल बघणं सोडून दिलं होतं. उघडली तोवर मुदत गेली होती आणि उरलेल्यातून संगणकावरचा प्रोजेक्ट वाट्याला आला. स्वीडनमध्ये कॉलम चालवायला शिकले आणि परत येऊन वर्षभर पिपेट हातात घेतली नाही, याची चुटपुट अजून आहे. सोबतची मंडळीही पदवी घेऊन गेलेली असतात, वर्गात सगळे एक वर्ष मागचे. घरसुद्धा उन्हाळ्याआधीच दुरून ठरवावं लागतं. परदेशी जाण्याआधीच कुणाशी तरी बोलून ठेवा.

क्लास मिळाला अपर सेकंड, म्हणजे 60 ते 69 मधला. फर्स्टला 70 लागतात. थोडक्यात गेले, आणि गेले ते दुसऱ्या वर्षाच्या स्टॅटिस्टिक्समध्ये, कॉमर्सवाली म्हणून ज्याचा अभ्यासच केला नव्हता त्या पेपरात. तो मोजला जात होता.