लैंगिक तक्रारींवर उपचार घेताना या चुका टाळा

इच्छाच होत नाही, ताठरता टिकत नाही, वीर्य लवकर पडतं, दुखतं. या चारही तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे उपचारही वेगळे. तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर 'जरा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगून गोळी मागितली जाते. नेमकं काय बिघडलंय हे न ठरवता सुरू केलेला उपचार फसतो, आणि मग दोष गोळीला.

ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल (व्हायग्रा) गोळीचंच घ्या. ती इच्छा जागवत नाही. उत्तेजना असेल तर रक्तपुरवठा वाढायला मदत करते, इतकंच. ती साधारण तासभर आधी घ्यायची. तुपकट जेवणावर घेतली तर असर उशिरा होतो. एक-दोनदा जमलं नाही म्हणून सोडूही नका. योग्य डोस सहा-आठ वेळा वापरल्याशिवाय ती लागू पडत नाही असं म्हणता येत नाही. मात्र छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने तिला हातही लावू नये, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या काही पुड्यांतही हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडलंय, त्यामुळे धोका तिथेही आहे.

गोळीने काम भागलं की तपासण्या राहून जातात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून वाहिन्या तुंबू लागल्या की त्या आधी तक्रार करतात. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघून घ्याच. पहाटे ताठरता व्यवस्थित येत असेल तर कारण बहुधा मानसिक असतं, हेही डॉक्टरांना सांगा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळीच तपासायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. मूल हवं असताना त्याची इंजेक्शनं घेणं ही तर मोठीच चूक, कारण त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

बाईची तक्रार मात्र 'मूड नसतो' यात गुंडाळून टाकतात. अहो, दर वेळी दुखत असेल तर मूड येईल कुठून? आधी विचारा, सुरुवातीलाच दुखतं की खोलवर? सुरुवातीला दुखण्यामागे कोरडेपणा, जंतुसंसर्ग किंवा स्नायू आवळले जाणं असू शकतं. खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचाही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) विचार करावा लागतो. पाळी गेल्यावर आणि अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं, त्याने कोरडेपणा येतो. पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं, पण स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा. नुसतं ल्युब्रिकंटही (ओलसरपणा देणारं जेल) पुष्कळ काम करतं. कंडोम लॅटेक्सचा असेल तर तेल नको, तो फाटतो. आणि स्नायू आवळत असतील तर 'सहन कर, सवय होईल' हा सल्ला दुखणं वाढवतो. तिथे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी लागते, हळूहळू आकार वाढवत डायलेटर (योनीत घालायच्या गुळगुळीत नळ्या) लागतात.

नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी स्त्री-पुरुष दोघांचीही इच्छा घटते, परमोच्च क्षण लांबतो. तेवढ्यासाठी त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोस किंवा औषध बदलता येतं. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टेराइडसुद्धा, कारण तिचाही असा परिणाम होऊ शकतो. ती सांगायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.