कुंड्यांवरची पांढरी माशी कशी घालवायची

पांढऱ्या माशीबद्दल कोणालाही विचारा, उत्तर एकच, नीम ऑइल मारा. बरं, मारलं. मग आठ-दहा दिवसांनी जास्वंदीची फांदी हलवली की परत तोच पांढरा धुरळा उडतो, आणि माणूस म्हणतो नीम ऑइल काही कामाचं नाही, आता जालीम काहीतरी आणू. नीम ऑइल कामाचंच आहे हो. ते कुठे मारायचं आणि किती वेळा मारायचं हे कोणी सांगत नाही, सगळे फक्त रेसिपी सांगतात.

आधी ती हीच आहे ना ते बघा

फांदीला हलकी टिचकी मारा. दीडएक मिलिमीटरचे पांढरे कण भुर्रकन उडाले, गोल फिरले आणि परत पानाच्या खाली जाऊन बसले तर हीच. कापसाचे पुंजके दिसतायत पण उडत काहीच नाही, तर तो पिठ्या ढेकूण. पानावर पीठ सांडल्यासारखं आहे आणि बोटाने पुसलं जातंय तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, हे नाशकात द्राक्षवाल्यांच्या गावात वेगळं सांगायला नको. कुंडीतल्या ओल्या मातीतून काळे चिलटं उडत असतील तर तो वेगळाच विषय.

दुसरी खूण म्हणजे चिकटा. ही रस शोषणारी कीड आहे, माव्याच्या जातकुळीतली, आणि जास्तीचा गोड रस ती मागून सोडते. खालची पानं तेल लावल्यासारखी चमकायला लागतात, गॅलरीची फरशी चप्पलला चिकटते, मुंग्यांची रांग लागते, आणि मग त्या चिकट्यावर काळी काजळी धरते. काजळी बघून लोक बुरशीनाशक आणतात. पैसे वाया, माशी गेली की काजळी ओल्या फडक्याने पुसली जाते.

पेरू किंवा पपईच्या पानामागे पांढऱ्या मेणाच्या गोल गोल वळणांची नक्षी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी, ही बाहेरून आलेली आहे, भारतात 1993 ला केरळात पहिल्यांदा सापडली. उपाय जवळपास तोच, फक्त तिच्या अंगावर मेण जास्त त्यामुळे आधी पाण्याचा जोरदार फवारा हवाच.

झाड वेगळं करा, पाण्याने धुवा

दहा मिनिटांचं काम. कुंडी बाकीच्यांपासून लांब न्या, पाइपला बोट लावून पानांच्या खालून पाणी मारा. थंडीत पहाटे माशी गारठलेली असते, उडत नाही, तेव्हा छोटा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सरळ ओढून घ्या. हसू नका, करून बघा.

आता खरं काम: पानाची पाठ आणि कॅलेंडर

इथेच सगळे गडबडतात आणि मलाही हेच समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उडणारी माशी म्हणजे निव्वळ वरवरचा देखावा. मादी पानाच्या खालच्या बाजूला शेकड्याच्या हिशोबात अंडी घालते. उबदार हवेत साधारण आठवड्याभरात अंडं फुटतं, त्यातून निघालेलं पिल्लू काही तास सरपटतं, मग जागा पकडून तोंड पानात खुपसतं आणि तिथेच चिकटून बसतं, माशी होईपर्यंत हलत नाही. दिसतं कसं, तर चपटा पिवळट हिरवा खवला, बिन पायाचा वाटतो, नुसत्या डोळ्यांना पानाचाच भाग वाटतो. फोनचा कॅमेरा झूम करून पानाची पाठ बघा, अंगावर काटा येईल. अंड्यापासून माशीपर्यंत उन्हाळ्यात तीनेक आठवडे लागतात, थंडीत बरेच जास्त.

आता विचार करा. साबण काय किंवा तेल काय, जे किडीच्या अंगाला लागतं तेच मरतं, वाळलं की साबणाचा जोर संपला. अंड्यांवर आणि माशी होण्याआधीच्या कोषावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे आज तुम्ही उडणारी माशी आणि पिल्लं मारली, अंडी आणि कोष तसेच राहिले, ते पुढच्या आठवड्यात बाहेर येणार आणि तुम्ही तोवर बाटली ठेवून दिलेली असते कारण माशी दिसत नाही ना आता! म्हणून माझा नियम ठरलेला आहे, उन्हाळ्यात दर पाच दिवसांनी आणि थंडीत दर सात दिवसांनी, कमीत कमी पाच फवारण्या, माशी दिसो न दिसो. तिसऱ्या फवारणीला झाड एकदम स्वच्छ दिसतं आणि तिथेच कंटाळा येतो, तिथे थांबलात की आधीचं सगळं पाण्यात. फोनमध्ये अलार्म लावा, स्वतःच्या आठवणीवर अजिबात विसंबू नका.

आणि मारायचं खालून. उभ्या झाडावर वरून फवारलं की पानाची वरची बाजू चकाचक होते जिथे काहीच नसतं. कुंडीची माती प्लास्टिकच्या पिशवीने झाकून बांधा, कुंडी आडवी करा, एका हाताने शेंडा धरून पानं उलटी करा आणि नोझल जवळ नेऊन पाठीवरून थेंब ओघळेपर्यंत मारा. शिरांच्या बेचक्यात पिल्लं जास्त असतात तिथे दोनदा. मोठी कुंडी आडवी होत नसेल तर लांब नळीचा पंप घ्या ज्याचं तोंड वर वळतं, दोन लिटरचा प्रेशर पंप पुरतो, हातातली पिचिक-पिचिक बाटली पाच-सहा कुंड्यांनंतर मनगट मोडते आणि मग माणूस कामचुकारपणा करतो.

अजून एक गोष्ट जी काम निम्मं करते. माशीला अंडी घालायला कोवळी पानं आवडतात, म्हणजे शेंड्याकडे अंडी आणि माश्या, आणि जसं झाड वाढतं तसं जुनी पिल्लं आणि कोष खालच्या जून पानांवर राहतात. औषधाला दाद न देणारे कोष सगळे खाली! तर पहिल्याच दिवशी खालची भरलेली पानं सरळ तोडा, पिशवीत गाठ मारून घंटागाडीत द्या. कंपोस्टमध्ये नाही, गच्चीच्या कोपऱ्यात तर अजिबात नाही, तोडलेल्या पानावरूनही कोषातून माशी निघते.

फवारल्यावर पांढरट टरफलं चिकटलेली दिसतील, ती बघून घाबरू नका, माशी निघून गेलेली रिकामी कवचं असतात, महिनाभरही पडत नाहीत. जिवंत पिल्लू फुगीर आणि ओलसर दिसतं, मेलेलं तपकिरी आणि सुकलेलं. टरफलं मोजून फवारणी फेल गेली म्हणू नका.

मिश्रण

एक लिटर पाण्याला 5 मिली नीम ऑइल आणि 2 मिली लिक्विड सोप. क्रम महत्त्वाचा, आधी तेल आणि सोप वाटीत घोटायचं, मग कोमट पाणी थोडं थोडं घालत जायचं, ताकासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचे गोल तरंगतायत तर मारू नका, तेवढ्या जागी पान जळणार. नाशकात डिसेंबर-जानेवारीत नीम ऑइल बाटलीतच थिजतं, लोकांना वाटतं खराब झालं, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा की पातळ होतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण फाटतो, फेस धरत नाही, अशा वेळी नळाचं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

कपड्याची पावडर नको, पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा, फर्न आणि कोवळ्या रोपांना तर नक्कीच. उन्हात कधीच नाही, एप्रिल-मे मध्ये सूर्य मावळतीला आल्यावरच.

पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम किंवा बिव्हेरिया मिळतं, ही किडीला लागणारी बुरशी, लिटरला 5 ग्रॅम, छान चालते. कोरड्या उन्हाळ्यात घेऊ नका.

पिवळे चिकट सापळे

लावा, शेंड्याच्या उंचीला. पण हे माशी मोजायला आहेत, संपवायला नाहीत, सापळा भरला म्हणजे काम झालं असं नसतं. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल फासलं तरी चालतं.

जालीम औषधाबद्दल

बागाईतदार नातेवाईकाकडून उरलेलं औषध बाटलीत भरून आणणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. प्लीज नको. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या अंगात भिनतं, फुलातल्या रसातही जातं, आणि त्याच फुलावर मधमाश्या येतात, तीच जास्वंद तुम्ही गणपतीला वाहता, तीच तुळस चहात टाकता. सायपरमेथ्रिनसारखी औषधं लेडीबर्ड, क्रायसोपा, बारीक गांधीलमाश्या या पांढऱ्या माशीवर जगणाऱ्या सगळ्या मित्रकिडींना आधी मारतात, आणि पांढरी माशी मोकाट सुटते. 2015 ला पंजाबात फवारण्यांवर फवारण्या होऊनही हिने कापसाची वाट लावली, आपल्या गॅलरीत आपण काय दिवे लावणार. तुळस, पुदिना, कढीपत्ता यांना फक्त पाणी आणि छाटणी, तुळशीच्या मंजिऱ्या आणि भरलेले शेंडे उडवा, ती परत फुटते.

परत येऊ नये म्हणून

नर्सरीतून आणलेलं झाड तीन आठवडे वेगळं ठेवा, घेतानाच पानाची पाठ बघा, नर्सरीवाला तोंड वाकडं करेल, करू दे. युरियाचे दाणे टाकून लुसलुशीत फुटवा आणू नका, माशी त्यावरच तुटून पडते. कुंड्या खेटून ठेवू नका. आजूबाजूच्या मोकळ्या प्लॉटवर घाणेरी माजली असेल तर तिथूनही येणार, सोसायटीला सांगून काढून घ्या. फेब्रुवारीत थंडी हटली की आठवड्याला एकदा पानं उलटून बघायची सवय ठेवा, उन्हाळ्यात ती झपाट्याने वाढते.

भेंडी आणि टोमॅटोचा मामला मात्र वेगळा आहे. तिथे थोड्या माश्याही पुरतात कारण त्या व्हायरस पसरवतात. रोपं लहान असतानाच बारीक जाळीखाली ठेवा. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या, म्हणजे केवडा आला, की त्यावर कुठलंही औषध नाही, यूट्यूबवर कोणी काहीही ओतायला सांगो. आधी झाडावरच्या माश्यांवर साबणपाणी मारा म्हणजे त्या शेजारी उडत नाहीत, मग झाड उपटून पिशवीत बंद करा. कुंडीतली माती फेकायची गरज नाही, हा रोग मातीतून येत नाही.