पत्रा भिंतीला टेकतो तिथली तयारी

कोकणात गच्चीवरच्या शेडचा पत्रा मधोमध क्वचितच गळतो. गळतो तो भिंतीला टेकतो तिथे. म्हणून मापं घ्यायला वर चढलात की आधी त्या फटीतलं जुनं सिलिकॉन नखाने ओढून बघा. पट्टीसारखं सुटून हातात आलं, तर नवीन ट्यूब आणायच्या फंदात पडू नका. पाणी वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने, म्हणजे घडीने वळवायचं असतं, चिकटवून अडवायचं नसतं.

या पट्ट्यांसाठी पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, रंगीत गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) घ्या. अ‍ॅल्युमिनियम ओल्या सिमेंटला लागलं की खाल्लं जातं, ते भिंतीत नको. वाकवून देणाऱ्याकडे तोंडी मापं सांगू नका, पुठ्ठ्याचा नमुना न्या. पट्ट्या दोन हव्यात. खालची शेडच्या पत्र्यावर स्क्रूने बसणारी, भिंतीलगत १५० मिलिमीटर उभी. वरची भिंतीच्या खाचेतून निघून खालचीवर ७५ मिलिमीटर तरी लोंबणारी, शेवटची कड जराशी बाहेर वळवलेली. ती कड नसेल तर पाणी पत्र्याला धरून मागे सरकतं. या दोघींना एकमेकींत रिव्हेट मारायला फॅब्रिकेटर हटकून निघतो, तेव्हा तिथेच उभे राहून त्याला अडवा. तीन मीटरचा लोखंडी पत्रा तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो, भिंत तेवढी हलत नाही. मग रिव्हेटचं भोक फाटतं.

खाच प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे. नुसत्या प्लास्टरात खोवलेली पट्टी प्लास्टरासकट सुटते. हे काम रंगाच्या आधी उरका, नंतर रंगारी आणि गवंडी एकमेकांवर ढकलतात.

पट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तो जोड १०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून जोडाचं तोंड तिकडे उघडं ठेवू नका. उतार असेल तर कौलांसारखं खालून वर लावत जा. स्क्रू रबरी वॉशरचे, पन्हळीच्या उंचवट्यावर, वॉशर चेपून बाहेर येईल इतके न आवळता. भोकं पाडताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या. एक रात्र दव पडलं की नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके दिसतात.

शेवटी पाइप लावून बघा. एकाने आत बॅटरी घेऊन थांबायचं, दुसऱ्याने पाणी सोडायचं, पण खालच्या जोडापासून सुरुवात करून, दर टप्प्याला दहा मिनिटं. एकदम वरून सोडलंत तर गळतंय एवढंच कळेल, कुठून ते नाही.