पाणी किती फुटांवर? सहावी ते आठवीच्या वर्गासाठी वर्षभराची सूत्रं अशी आखा

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ‘कसं काय’च्या आधी ‘पाणी किती फुटांवर?’ हे विचारून होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पोरांनाही तोंडपाठ असते: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. वर्गात मात्र त्याच आठवड्यात आपण फळ्यावर भलत्याच शहराच्या तापमानाचा आलेख काढत बसतो. बाहेर चाललेला प्रश्न वर्गात घ्यायचा आणि भाषा, गणित, विज्ञान, भूगोल त्याच्याभोवती गुंफायचे, याला सूत्राधारित शिक्षण म्हणतात. कल्पना काही नवी नाही. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायची गांधीजींची नई तालीम १९३७ची.

मी पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगते. दर महिन्याला एक याप्रमाणे दहा सूत्रं काढली. ‘पाणी’ या महिन्यात पाण्याची कविता, पाण्याचं चित्र, पाण्यावर घोषवाक्यं, पाण्यावर निबंध. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, अजून पाणीच व्हय?” त्याचं बरोबर होतं. ‘पाणी’ हा नुसता शब्द होता, त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

आधी प्रश्न, मग सूत्र

म्हणून वर्षाला तीनच सूत्रं घ्या, फार तर चार. प्रत्येकाला एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर मोजून, बघून किंवा विचारून मिळेल. ‘आपली नदी’ नको. ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पंचगंगेचं पाणी किती वेळानं चढतं?’ हे चालेल. ‘आपले उद्योग’ नको. ‘१०० किलो उसातून गूळ किती निघतो?’ हे घ्या.

मग मे महिन्याच्या सुटीत किंवा शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सगळ्या विषयांची पाठ्यपुस्तकं आणि वार्षिक नियोजन समोर ठेवा. प्रश्नाला लागतात ते घटक शोधा आणि त्यांचा क्रम पुढेमागे करा. जे बसत नाहीत ते ओढूनताणून बसवू नका. त्रिकोणाच्या रचनांना नदीकाठी न्यायची गरज नाही, त्या त्यांच्या तासिकेला नेहमीसारख्या शिकवा. आठवड्यात चार-पाच तासिका सूत्राला मिळाल्या तरी पुष्कळ झालं.

जून ते ऑगस्ट: नदी

सुरुवात २६ जूनला, शाहू जयंतीला करा. भाषणं होतातच, त्यांना राधानगरी धरण जोडा. भोगावतीवरचं हे धरण बांधायला घेतलं महाराजांनी, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आजही दर पावसाळ्यात बातमीत असतात. नकाशात भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी शोधा आणि जिथून पंचगंगा सुरू होते त्या प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत बोट फिरवा.

मग रोज परिपाठात एकानं पेपरमधली पातळी वाचायची आणि भिंतीवरच्या आलेखात बिंदू टाकायचा. इथं हमखास घोटाळा होतो. ३९ फूट ६ इंच हे मुलं ३९.६ असं मांडतात. लगेच दुरुस्त करू नका. आलेख दोन-चार दिवस तसाच जाऊ द्या. ३९ फूट ११ इंचाचे ३९.११ झाले की पाणी चढलेलं असूनही बिंदू खाली जातो, आणि वर्गात भांडण लागतं. दशांश अपूर्णांक का शिकायचे, हे त्या दिवशी सांगावं लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. चिखली-आंबेवाडीकडची किंवा शहरातल्या पूररेषेतली मुलं वर्गात असतील, तर ‘आमच्या घरातला पूर’ हा निबंध गुणांसाठी लिहायला लावू नका. २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांच्या घरात ते शिरलं, त्यांना बोलायचं तेव्हा ती बोलतील. आणि पुराच्या दिवसांत घाटावर सहल तर नकोच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवं काही सुरू करू नका. गणपती, नवरात्र, सत्र परीक्षा यांत वेळ निघत नाही.

दिवाळीनंतर: गूळ

ऊस तुटायला लागला की गुऱ्हाळं पेटतात. गुळव्याशी, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराशी, आधी बोलून या आणि आदण (काहिलीत एका वेळी शिजणारा रस) उतरायची वेळ विचारून घ्या. नुसता उकळता रस बघून मुलं कंटाळतात. वर्ग दोन तुकड्यांत न्या आणि काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) लांब दोरी धरून उभं करा. निघण्याआधी प्रत्येकानं १०० किलो उसातून गूळ किती निघेल, याचा अंदाज लिहायचा. बहुतेक मुलं ४०-५० किलो लिहितात. उत्तर साधारण १० ते १२ किलो असतं. उरलेलं गेलं कुठं, यावर दोन आठवडे सहज जातात: चिपाड वाळून चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत), पाणी वाफ होऊन, मळी फेसाबरोबर वर. भेंडीचं चिकट पाणी रसात का घालतात, गार पाण्यात थेंब टाकून गुळव्या पाक कसा ओळखतो, हे मुलांनी त्यालाच विचारायचं आणि त्याच्याच शब्दांत टिपायचं. भाषेच्या तासिकेला शब्दकोश आयता तयार होतो.

सोबत चालणारी काठी

अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. वर्षात दोनदाच का, हा प्रश्न मुलांना सोडवायला द्या. १०० सेंटिमीटरची सरळ काठी मैदानात ओळंब्यानं उभी रोवा. दर शनिवारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सगळ्यांत आखूड माप वहीत लिहा. आपल्याकडे सूर्य घड्याळातल्या बाराला माथ्याशी येत नाही. शाळा सकाळची असेल, तर शनिवारऐवजी दुसरा वार धरा. नोव्हेंबरच्या दहा तारखेला सावली ६७ सेंटिमीटरच्या आसपास येते, २२ डिसेंबरला ८४पर्यंत लांबते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा ६७वर येते. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच जागी मावळतो, हे आकड्यांतून मुलांचं त्यांनाच दिसतं. दिवाळीची सुटी मध्ये आली तर पहिली मापं घरी घ्यायला सांगा.

फेब्रुवारी-मार्चसाठी चप्पल लाईन, म्हणजे कोल्हापुरातली चपलांच्या दुकानांची गल्ली, आहेच. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. ‘मग कोल्हापुरी का म्हणायचं?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

गुण कशाला द्यायचे

तक्ते आणि थर्माकोलची धरणं बहुधा आईबाबांनी केलेली असतात. आकारिक मूल्यमापनात ‘प्रकल्प’ म्हणून मुलाची निरीक्षण वही धरा: तारीख, माप, चुकलेला अंदाज, आणि तो का चुकला. आमच्या एका मुलीनं १ फेब्रुवारीला ६७च्या जागी ७३ लिहिलं आणि ते खोडलं नाही. खाली टीप होती: “काठी उत्तरेला कललेली आहे. सोमवारी ओळंबा लावून परत मोजणार.” तिला मी पूर्ण गुण दिले.