वाडा मोजताना कर्ण विसरू नका

आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात जुन्या वास्तूचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे जागेवर मापं घेऊन काढलेला नकाशा, करावं लागतं. मराठवाड्यात असाल तर गावाकडचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर किंवा वाडा निवडा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: दगड-मातीच्या या घरांत काटकोन क्वचितच सापडतो. चार भिंती मोजून हॉस्टेलवर परतलात की कागदावर खोली जुळत नाही, आणि मग पुन्हा एसटी.

म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण तिथंच मोजा. ४ मीटर बाय ३ मीटरची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५ मीटर भरतात. एक ५.०८ आणि दुसरा ४.९२ आला, तर खोली तिरकी आहे. तशीच काढा, सरळ करू नका.

दारं-खिडक्यांची मापं तुकड्यांनी घेऊ नका. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून सलग वाचत जा, नाहीतर प्रत्येक तुकड्यातली सेंटीमीटरभर चूक साठत जाते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते. माळवदाची जाडी उजेडासाठी ठेवलेल्या भोकात टेप सोडून घ्या. वर चढण्याआधी मात्र घरच्यांना विचारा, कुजलेली तुळई त्यांनाच ठाऊक असते.

टेप धरायला दोघं, लिहायला एक. आणि ओसरीवरची आजी हमखास विचारणार, "मोजायलाव कशाला रे पोरांनो? घर इकायचं न्हाई आम्हाला." आधी तिच्याशी बोला, मग टेप काढा.