घरच्या घरी बोलके पुस्तक कसे करावे

स्मार्टफोन, जाड गोधडी आणि रोजचा तासभर वेळ असेल, तर साताऱ्यातल्या आपल्या घरात बसून दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक रेकॉर्ड करता येते. फक्त पुस्तक आपल्या आवडीने निवडू नका. अंधांसाठी ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेला आधी विचारा आणि पाच मिनिटांचा नमुना पाठवा. स्पर्धा परीक्षेचे रुक्ष पुस्तक मिळाले तर तेच आधी घ्या. ऐकणाऱ्याची परीक्षा जवळ आलेली असते. दिव्यांगांसाठी विनानफा अशी प्रत करायला कॉपीराइट कायद्याने २०१२च्या दुरुस्तीपासून मुभा दिली आहे. ही मुभा त्यांच्यापुरतीच आहे, म्हणून ती फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही.

माइकसमोर बसण्याआधी प्रकरण एकदा पेन्सिल घेऊन वाचा. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘सारे जग’ मधला ज वेगळा, ‘तू सुखाने जग’ मधला वेगळा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आपण चुकलो तर डोळस माणूस पान उघडून पाहील; ऐकणाऱ्याकडे आपल्या उच्चाराशिवाय दुसरे काही नसते. अडणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा, परकी नावे विचारून घ्या.

पहाटेची वेळ उत्तम. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, पाठीमागे गोधडी टांगलेली. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’चा फुत्कार त्यावर आदळत नाही. पान उलटताना बोलणे थांबवा.

चुकलात तर रेकॉर्डिंग बंद करू नका. एक टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून वाचा. संगणकावरच्या ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच सुळका लगेच दिसतो, तिथेच कापायचे. सुरुवातीला मी टाळी वाजवत नसे. एका चुकीसाठी अख्खे प्रकरण पुन्हा ऐकावे लागे.

आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती सांगा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा. तक्ता आला की आधी रकान्यांची नावे वाचा. चित्र आले की त्यात काय दिसते ते दोन वाक्यांत सांगा. नाटकी वाचन टाळा, कारण बरेच जण वेग वाढवून ऐकतात आणि हेलकावे घेणारा आवाज तेव्हा कळेनासा होतो.

शेवटी दुसऱ्या कुणाला तरी पुस्तक हातात देऊन ऐकायला बसवा. गाळलेली ओळ आपल्या स्वतःच्या कानाला सापडत नाही. दुरुस्त्या करून फाइल संस्थेकडे द्या आणि पुढचे पुस्तक मागून घ्या.